शनिवारचे फोटो

माझं काम शरीराच्या कुठल्या भागाशी आहे हे सांगितलं की लोक विषय बदलतात. लग्नकार्यात कोणी विचारलं, "सिस्टर, तुम्ही कुठल्या वॉर्डला?" तर मी "सर्जरीला" एवढंच सांगते आणि जेवणाच्या रांगेकडे वळते. पण लिहायलाच बसल्यावर आडपडदा ठेवण्यात अर्थ नाही. सोलापुरातल्या एका खासगी हॉस्पिटलात मी सव्वीस वर्षं नर्स आहे. त्यातली अलीकडची काही वर्षं माझा बहुतेक दिवस माणसांच्या माकडहाडापाशी, म्हणजे ढुंगणाची फट जिथं सुरू होते तिथं, जातो.

तिथं होणाऱ्या एका आजाराला पायलोनिडल सायनस म्हणतात. पेशंट येतो तो "केसतूड झालंय" म्हणत, आणि ते अगदीच चूक नाही. सतत बसून, घासून आणि घामानं तिथले तुटके केस कातडीत शिरतात. टाचणीनं टोचावं एवढं एखादं भोक पडतं. वरून तेवढंच दिसतं, आत मात्र केसांच्या गुंत्याभोवती बोगदा तयार झालेला असतो. त्यात पू धरतो, ठणका लागतो, फुटतो, बरं वाटतं, आणि महिन्याभरानं पुन्हा भरतो. गाडी चालवणारे, दिवसभर बैठं काम करणारे, दाट केसांची तरुण मुलं हे आमचे नेहमीचे. बायकाही येतात, पण त्या उशिरा येतात.

उशिरा येण्याचं कारण एकच, लाज. मोडनिंबचा एक टेम्पोवाला दोन वर्षं एका कुल्ल्यावर बसून गाडी चालवत होता. त्याच्या सीटची एक बाजू पार चेपली होती आणि दुसरी नवी कोरी राहिली होती, हे त्यानंच सांगितलं. एक प्राध्यापक आले, त्यांच्या "मित्राला" त्रास होता. मित्राच्या वतीनं त्यांनी अर्धा तास प्रश्न विचारले, तेही उभ्यानं. मी म्हटलं, "सर, मित्राला घेऊन या, आणि तोवर तुम्ही बसा की." ते काही बसले नाहीत. दुसऱ्या दिवशी मित्राऐवजी स्वतःच पालथे पडले.

अशा माणसांची लाज मोडणं हे माझं कौशल्य, असं मी मानत होते. आवाज मोठा ठेवायचा, शब्द उघडे वापरायचे, पेशंट लाजायच्या आत त्याला पालथं पाडायचं. "मला काय त्याचं अप्रूप? दिवसाला दहा बघते," हे माझं ठरलेलं वाक्य. पेशंट हसायचे, नातेवाईक हसायचे, काम पटकन व्हायचं. लाजेवर हाच उपाय आहे असं मला खरंच वाटत होतं.

पूर्वी या आजाराचं ऑपरेशन म्हणजे तो सगळा भाग खरवडून काढणं. वाटीएवढी जखम उघडी ठेवायची आणि ती तळापासून हळूहळू भरू द्यायची. दीड-दोन महिने रोज ड्रेसिंग. बांधलेली पट्टी सोडताना मोठी मोठी माणसं आईच्या नावानं ओरडायची. मग आमच्या डॉक्टरांनी लेझरचं मशीन आणलं. त्याच भोकातून आधी बारीक ब्रशनं आतले केस आणि घाण साफ करायची, मग केसाहून थोडी जाड अशी तार आत घालायची. तिच्या टोकाला प्रकाशाची उष्णता निघते. ती बोगद्याचं अस्तर जाळते, आणि तार मागं ओढत आणली की बोगदा आकसत मिटत येतो. अर्ध्या तासाचं काम. दुसऱ्या दिवशी माणूस चालत घरी. मागे राहतात एक-दोन छोटी भोकं, ती काही आठवड्यांत भरतात.

ऐकायला जादू वाटते. पण जादूच्या मागची हमाली कोणी सांगत नाही. त्या जागेवरचे केस पुढं कित्येक महिने दर आठवड्या-दोन आठवड्यांनी काढावे लागतात. जागा कोरडी ठेवावी लागते. भोक नीट आतून भरतंय की नुसतं वरून झाकलं जातंय हे कोणीतरी बघावं लागतं. आणि ती जागा अशी की स्वतःची स्वतःला जन्मात दिसत नाही. आरसा धरा नाहीतर मान मोडा. म्हणून लेझरच्या पेशंटला मी दाखल करतानाच विचारायची, "घरी कोण बघणार?"

हा प्रश्न मी काउंटरवर विचारायची. सगळ्यांसमोर. हे आता लिहिताना हात थांबतो, पण तेव्हा कधी थांबला नाही.

पेशंट वाढले तसं सगळ्यांना तपासायला बोलावणं अवघड झालं. कोणी सांगोल्याकडून यायचं, कोणी अक्कलकोटच्या पलीकडून. भोकं बघायला दोन मिनिटं, त्यासाठी एसटीत तीन तास बसणं, आणि बसणंच तर वर्ज्य. मीच पद्धत काढली. हॉस्पिटलच्या फोनवर दर शनिवारी दुपारी दोनच्या आत जखमेचा फोटो पाठवायचा. मी सगळे बघणार. ठीक असेल तर "छान" लिहिणार, शंका असेल तर डॉक्टरांना दाखवून बोलावून घेणार. डॉक्टर खूश झाले. आमच्याकडे बाहेरचे डॉक्टर मशीन बघायला आले तेव्हा त्यांनी मला पुढं बोलावून सांगितलं, "ही आयडिया आमच्या सिस्टरांची." त्या दिवशी मी घरी जाऊन दोनदा ती गोष्ट सांगितली. एकदा नवऱ्याला आणि एकदा शेजारणीला, जिनं विचारलंही नव्हतं.

रेणुका याच पद्धतीतली. नाव बदललं आहे.

चोवीस-पंचवीस वर्षांची, बारीक, कमी बोलणारी. राहायला कुंभारीला, कामगारांच्या वसाहतीत. शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात मशीनवर बसायची. सकाळी नऊला स्टुलावर बसली की संध्याकाळी सातला उठायची. नवरा ट्रकवर ड्रायव्हर, सोमवारी जायचा तो शनिवारी रात्री उशिरा किंवा रविवारी सकाळी उगवायचा. घरात एक खोली आणि स्वयंपाकघर, सासू-सासरे, धाकटा दीर. सासू दिवसभर दारात बसून विड्या वळायची. तिचं सूप, तिची पानं आणि तिची नजर, तिन्ही दारात.

रेणुकाबरोबर तिची आई आली होती. वेळापूरच्या पुढं त्यांची वस्ती, घरी मेंढरं. ठसठशीत बाई. मी नेहमीप्रमाणे काउंटरवरून विचारलं, "काय गं, घरी कोण बघणार तुझं ढुंगण?" बाकावरचे दोघं-तिघं हसले. रेणुकानं पदर तोंडाला लावला. आईच बोलली.

"मी हाय की. मेंढराच्या जखमेत अळ्या पडल्या तर मी काडती, आन ही तर माजी पोरगी."

"आणि तुम्ही गेल्यावर?"

"पंधरा दिस हाय मी हितं. तवर मिटंल की सगळं. तुमीच म्हनताय ना, लेझर हाय म्हनून?"

मी म्हटलं, "मिटेल. मावशी, तुम्ही असल्यावर मला काळजी नाही." आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. "गेल्यावर?" हा प्रश्न मीच विचारला होता, आणि उत्तर न घेता मीच पुढं गेले.

रेणुकाला एकच घाई होती. एप्रिल होता. जूनमध्ये शाळा सुरू होतात, त्यामुळे गणवेशाच्या कारखान्यांना मार्चपासून मे अखेरपर्यंत श्वास घ्यायला फुरसत नसते. पंधरा दिवसांच्या वर कामाला खाडा झाला की मशीन दुसरीला देतात, असं भूल द्यायच्या आधी, पालथी पडल्यावर, तिनं मला सांगितलं. "सिस्टर, माजं मशीन खिडकीकडचं हाय. लई वर्सांनी मिळालंय."

ऑपरेशन छान झालं. मी शेजारीच होते. ब्रशवर आलेला केसांचा पुंजका बघून डॉक्टर म्हणाले, "एवढा साठा घेऊन ही बाई रोज दहा तास बसत होती." पंधराव्या दिवशी रेणुका मशीनवर परत गेली. मध्ये मध्ये उठायचं, उशी घ्यायची, सगळं मी सांगितलं होतं.

पहिल्या शनिवारी फोटो आला. दुसऱ्या शनिवारीही. फोटो आई काढायची. एका हातात फोन आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं जागा ताणून धरलेली. अंगठ्यावर गोंदलेले तीन हिरवे ठिपके आणि नखाशेजारी विळ्याचा जुना वण. खाली सोलापुरी चादर, मोराच्या नक्षीची. फोटो इतके स्वच्छ की मी उत्तर दिलं, "छान. मावशींना फोटोग्राफर करा."

तिसऱ्या शनिवारी फोटो आला नाही. आई वस्तीवर परत गेली होती. शनिवारी सकाळी रेणुकाचा फोन आला होता, "सिस्टर, उद्या पाठवला तर चालंल का? रविवारी हे घरी आसत्यात." मी घाईत होते. "शनिवार म्हणजे शनिवार," मी म्हटलं. "प्रत्येकीला वेगळा वार द्यायला लागले तर मी दुसरी कामं कधी करू?" तिनं "बरं" म्हटलं. तरीही फोटो रविवारीच आला. नवऱ्यानं काढलेला, जरा हललेला, पण कळत होतं. भोक भरत होतं.

मला राग आला. माझी पद्धत मोडली याचा राग. मी तिला हॉस्पिटलच्या फोनवरून आवाजातला निरोप पाठवला, टाइप करायचा कंटाळा म्हणून. काय बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं, कारण नंतर मी तो निरोप कितीतरी वेळा ऐकला. "काल कुठं होतीस गं? ढुंगणाचा फोटो काढायला मुहूर्त लागतो का? शनिवारी फोटो आला नाही आणि पुढं काही झालं, तर मग आमच्या नावानं बोंब मारायची नाही." शेवटी मी हसलेही आहे. म्हणजे मला तेव्हा ती थट्टा वाटत होती.

त्यानंतर फोटो दर शनिवारी दोनच्या आत येऊ लागले. मी मनात म्हटलं, बघा, जरा बोललं की लोक सुधारतात. चार शनिवार. चारही वेळा मी "छान" लिहिलं. एकदा अंगठ्याची खूणही टाकली.

शनिवारी दुपारी माझं काय चालायचं तेही सांगते. तीस-पस्तीस फोटो असायचे. चहा, सोबत शेंगाची चटणी-भाकर, आणि फोन टेबलावर आडवा. जेवता जेवता मी बोटानं फोटो सरकवायची. आमच्याकडची नवी नर्स म्हणायची, "सिस्टर, जेवताना कसं बघवतं तुम्हाला?" मी म्हणायची, "सवय." मी बघत होते हे खरं. बघणं आणि तपासणं यातला फरक मला शिकवायची गरज नव्हती. तो मीच नव्या मुलींना शिकवते.

मेच्या शेवटी रेणुका रिक्षातून आली. रिक्षात ती बसली नव्हती, मागच्या सीटवर गुडघे टेकून पुढचा दांडा धरून आली होती. अंगात ताप. जागेवर लिंबाएवढी लाल गाठ, आणि हात लावला तर ओरडली. डॉक्टरांनी बघितलं आणि माझ्याकडं वळले. "सिस्टर, हिचा फॉलोअप?"

"रेग्युलर आहे सर. प्रत्येक शनिवारचा फोटो आहे," मी म्हटलं. आणि ताठ मानेनं फोन उघडून त्यांच्यासमोर धरला.

मोराची चोच चादरीच्या एका घडीत अडकलेली होती. पुढच्या फोटोतही तिथंच. त्याच्या पुढच्यातही. आणि प्रत्येक फोटोत तो अंगठा होता, तीन ठिपक्यांचा, विळ्याच्या वणाचा. आई महिन्यापूर्वी वस्तीवर गेली होती, हे मला माहीत होतं. तिचा अंगठा मात्र चार शनिवार माझ्या फोनवर येत राहिला, आणि मी त्याला "छान" म्हणत राहिले.

डॉक्टरांच्याही लक्षात आलं. पण त्यांनी फोटो बघितले, खालचे माझे शब्द नाहीत. ते रेणुकाकडं वळले. "अहो ताई, तोच फोटो पाठवत होता तुम्ही? आम्हाला फसवत होता की स्वतःला?"

रेणुकानं उशीतून मान वळवून माझ्याकडं एकदा बघितलं. मी हातात ट्रे धरून उभी होते. तिनं मान पुन्हा उशीत घातली.

पू त्याच दिवशी काढला. त्यानंतर फाइल लिहायचं काम माझं. मी इंग्रजीत लिहिलं, अक्षर माझं चांगलं आहे. मराठीत त्याचा अर्थ असा होतो: रुग्णानं सूचना पाळल्या नाहीत, जुनाच फोटो वारंवार पाठवून दिशाभूल केली. यात खोटं काही नव्हतं. म्हणूनच ते लिहिताना पेन अडखळलं नाही. "चार वेळा बघूनही नर्सच्या लक्षात आलं नाही" हे वाक्यही तितकंच खरं होतं, आणि तेवढीच जागा कागदावर शिल्लक होती.

सूज उतरल्यावर जुन्या पद्धतीचं ऑपरेशन करावं लागलं. वाटीएवढी जखम. रोज ड्रेसिंग. डॉक्टर म्हणाले, लेझरनंतरही काहींना पुन्हा होतंच, हिला कदाचित तसंही झालं असतं. पण वेळेत दिसलं असतं तर थोडी साफसफाई करून भागलं असतं, हेही ते म्हणाले. पहिलं वाक्य मी बरेच दिवस जवळ बाळगलं. दुसरं ऐकलंच नाही असं दाखवलं.

ड्रेसिंगला रेणुका कुंभारीहून रोज यायची, बसमध्ये उभी राहून. पहिले आठ दिवस आम्ही कामापुरतंच बोललो. मी इतर पेशंटशी थट्टा करायची, तिच्याशी करायचं धाडस झालं नाही. ती ओरडायचीही नाही. पट्टी सोडताना टेबलाची कड धरायची, बोटं पांढरी व्हायची.

नवव्या का दहाव्या दिवशी मीच विचारलं. दार आधी लावलं. इतक्या वर्षांत ड्रेसिंगच्या खोलीचं दार मी पेशंटसाठी आपणहून लावल्याचं मला आठवत नाही. नेहमी अर्धं उघडं असायचं, ये-जा चालायची.

"रेणुका, असं का केलंस? मला सांगायचंस ना."

ती पालथीच होती, त्यामुळे भिंतीला सांगितल्यासारखं बोलली.

"तुमचा तो निरोप आला ना, बोलल्याला. त्यो मी लावला. हे भाईर गेल्यालं, घरात बाकी सगळी जेवत हुती. मला वाटलं, फोटो चांगला हाय का वंगाळ हाय, ते सांगितलं आसंल. आवाज मोठा हुता फोनचा."

हातात चिमटा, चिमट्यात कापूस.

"सासूबाईंच्या हातातला घास तसाच राह्यला. दीर उठून भाईर गेला. मामंजी ताटावरनं उठलं. मग सासूबाई म्हनल्या, आसलं फोटू काडून लोकास्नी पाठवतीस व्हय गं? आन माज्या ल्योकाला काडाय लावतीस? मी सांगितलं, दवाखान्यात पाठवायचं आस्तंय. त्या म्हनल्या, दवाखान्यातली बाई आसं हासून बोलती व्हय?"

"मग नवऱ्याला..."

"त्यांनी काडला आसता की. पन दार लावाय नगं का? दिवसा दार लावलं की गल्ली इचारती. आन आता घर बी इचारतंय." मग ती म्हणाली, "आईचा फोटो हुता फोनात. त्योच पाठवला."

मी कापूस ट्रेत टाकला, नवा घेतला. काहीतरी म्हणायचं म्हणून म्हटलं, "निदान मला फोन करायचास."

त्यावर ती जे बोलली ते ऐकायची माझी तयारी नव्हती.

"मला वाटलं तुमाला कळंल. तुमी त्यात हुश्शार, सगळी म्हनत्यात. पयल्यांदा पाठवला तवा वाटलं, आता सिस्टर फोन करनार. शिव्या देनार. द्या म्हनलं. शिव्या देऊन बोलवून घेतील, मग कुनाला इचाराय नगं, दवाखान्यानंच बोलवलंय म्हनून निगायचं. फोन हातात धरून बसले की मी. तर तुमी छान लिवलं." मग म्हणाली, "दुसऱ्या खेपंला बी वाट बगितली. तिसऱ्या खेपंला वाटलं, आसंल बा छानच. आपल्याला कुटं दिसतंय?"

मी ड्रेसिंग पूर्ण केलं. पट्टी नीट बसली होती, हे मला आठवतं. हात आपलं काम करतात, तेवढा एक भरवसा या धंद्यात मिळतो. ती उठली, साडी सारखी केली, आणि जाताना नेहमीसारखं "येते सिस्टर" म्हणाली. मी माफी मागितली नाही. शब्द जुळवत होते तोवर ती बसस्टॉपकडं निघून गेली होती. दुसऱ्या दिवशी मागितली. ती म्हणाली, "आसू द्या." तिच्या "आसू द्या"मध्ये माफी होती की नुसता कंटाळा, ते मला कळलं नाही. विचारायचा हक्कही नव्हता.

जखम भरायला जुलै उजाडला. तिचं मशीन दुसरीला दिलं गेलं होतं. आता ती त्याच कारखान्यात धागे तोडायचं काम करते, शिवून आलेल्या शर्टांचे लोंबते दोरे कात्रीनं कापायचे. ते काम उभ्यानं असतं. डॉक्टरांच्या दृष्टीनं चांगलंच, बसणं टळतं. खिडकी मात्र गेली.

मी काही गोष्टी बदलल्या. घरी कोण बघणार हे आता आतल्या खोलीत, दार लावून विचारते. ज्याला जो वार जमेल तो वार. आवाजातला निरोप कोणालाच पाठवत नाही. प्रत्येक फोटो मागच्या फोटोशेजारी ठेवून बघते, आणि जेवण वेगळं करते. ज्या बाईच्या घरी बघणारं कोणी नाही तिला मी फोन करून बोलावते आणि फोन मुद्दाम सासूकडं द्यायला सांगते. "तुमच्या सुनेला आज दवाखान्यात आणलंच पाहिजे," असं दरडावते. माझा मोठा आवाज तेवढ्या कामाला येतो. यातल्या एकाही गोष्टीला मशीन लागत नाही, खर्च नाही, शिक्षण नाही. पहिल्या दिवसापासून करता आल्या असत्या, हेच सगळ्यात जास्त टोचतं.

दिवाळी अंकासाठी अनुभव लिहून द्या, असं मला संपादकांनी सांगितलं, तेव्हा त्यांच्या डोक्यात टेम्पोवाला आणि प्राध्यापक असावेत. मीही तेच लिहायला घेतलं होतं. तीन पानं झाली आणि शनिवारच्या फोटोंपाशी आले. मग लिखाण बाजूला ठेवून कारखाना सुटायच्या वेळी गेटपाशी जाऊन उभी राहिले.

रेणुका बाहेर आली. अंगावर दोऱ्यांचे तुकडे. मी विचारलं, तुझं लिहू का? नाव बदलेन, गाव बदलायचं तर तेही बदलेन.

"कुंभारीत काय मी एकलीच ऱ्हाती व्हय?" ती म्हणाली. मग पदरावरचा एक दोरा काढून टाकत म्हणाली, "लिवा. पन माजं लिवताय तर तुमचं बी लिवा की. 'छान' लिवल्यालं बी."

लिहिलं आहे.

फाइलमधलं ते वाक्य अजून तसंच आहे. डॉक्टरांना आजतागायत वाटतं की त्या बाईनं आपल्याला फसवलं. नव्या पेशंटना समजावताना ते तिचं उदाहरण देतात, नाव न घेता. "आमच्या एका पेशंटनं चार आठवडे जुना फोटो पाठवला," असं म्हणतात, आणि मी शेजारी उभी राहून मान हलवते. गेल्या आठवड्यातही हलवली.

हा अंक दर दिवाळीला आमच्या हॉस्पिटलात येतो आणि वेटिंगच्या टेबलावर पडून राहतो. डॉक्टर तो उघडत नाहीत, त्यांना वेळ नसतो. यंदा मी तो त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवणार आहे, हे पान दुमडून, आणि खाली रेणुकाची फाइल. पेन मी बरोबर नेईन.